सतराला केसभर कमी

टेपचं एक टोक माझ्या बायकोच्या हातात होतं आणि दुसरं काटदऱ्याच्या. मध्ये मी नुकतीच ठोकलेली चौकट, आणि चौकटीच्या पलीकडे मी, माझ्याच दुकानात पाहुण्यासारखा उभा.

"किती भरतोय कर्ण?" काटदऱ्यानं विचारलं.

"सतरा इंच," हेमा म्हणाली.

"नक्की सतरा?"

हेमा आणखी वाकली. कपाळावरची बट डोळ्यांवर आली. ती मागे सारायला तिचा हात मोकळा नव्हता, काटदऱ्याचा एक मोकळा होता. त्यानं काही केलं नाही. पण मोकळा होता, हे मी पाहून ठेवलं.

"सतराला केसभर कमी," मी म्हणालो. "टेप न लावता सांगतो. फूटभर चौरसाचा कर्ण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सतराला केसभर कमी. दोन्ही कर्ण सारखे भरले की चौकट काटकोनात बसली. धंदाच आहे आपला."

"केसभर म्हणजे किती, मुकुंदराव?"

"केसभर म्हणजे केसभर."

"पण कुणाचा केस?"

ह्यावर हेमा हसली. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती, पण असं मान मागे टाकून हसणं माझ्या वाट्याला काही आलं नव्हतं. आमच्या घरी ती हसायची ती पदराआड, आणि तेही माझी आई देवळात गेल्यावर.

तासगावात माझं फोटो फ्रेमचं दुकान होतं. देव, लग्नं, सत्कार आणि वारलेली माणसं, एवढ्यांवर आमचं पोट. हेमा बी.एस्सी. झालेली, कन्याशाळेत गणित शिकवायची. 'शिकलेली सून केली' म्हणून माझे वडील गावभर मिरवायचे. मीही मिरवत होतो, काटदरे येईपर्यंत. विश्वास काटदरे हा चिपळूणचा, शाळेत नव्यानं लागलेला, सडाफटिंग, उंच, आणि दातांत फट असूनही हसताना बरा दिसणारा. गणित हा विषय दोघं मिळून बोलण्यासारखा असतो हे मला त्याच्यामुळे कळलं.

ती चौकट त्यांना नववीच्या वर्गासाठी हवी होती. मुलींना म्हणे परिमेय आणि अपरिमेय संख्यांतला फरक डोळ्यांनी दाखवायचा होता.

"जी संख्या पूर्णांकावर पूर्णांक अशी अपूर्णांकात मांडता येते, ती परिमेय," काटदऱ्यानं मलाही नववीत बसवलं. "अर्धा, पाऊण, बावीस सप्तमांश. आणि जी कधीच मांडता येत नाही ती अपरिमेय. बाजू एक धरली तर हा कर्ण तसा आहे."

"टेपवर तर येतोय की. सतरा भागिले बारा. झाला अपूर्णांक."

"आणि केसभर?"

"मग अजून बारीक टेप आणा."

"कितीही बारीक आणा मुकुंदराव, तो दोन रेघांच्या मध्येच पडणार."

"असं कसं पडेल? लाकूड आहे हे. हाताला लागतंय. ह्याला लांबी आहे, मग तिला आकडा असणारच."

"आहे ना आकडा. फक्त अपूर्णांक नाही."

हेमानं मान डोलावली. नवरा बोलत असताना परक्या माणसाच्या बोलण्याला मान डोलावली. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी चौकट कागदात गुंडाळली आणि सुतळी इतकी आवळली की कागद फाटला.

पुढच्या रविवारी काटदरे जेवायला आला. खानावळीचं खाऊन कंटाळला होता म्हणून हेमानं बोलावलं, आईला विचारून, रीतसर. मला रीतसरपणाबद्दल तक्रार नव्हती. तक्रार आमटीबद्दल होती. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेंगदाण्याचं कूट. त्या दिवशी आमटीत नारळ होता.

"वा!" पहिल्या भुरक्यालाच काटदरे म्हणाला. "घरची आठवण झाली."

"तासगावात नारळ कुठून मिळाला?" मी विचारलं.

"मारुतीला फोडलेला होता," आई म्हणाली. बिचारीला काही कळत नव्हतं.

जेवता जेवता हेमानं विषय काढला. मे महिन्यात नाशिकला गणिताच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, राहून करायचं. शाळेतून दोघांची नावं निघाली होती, तिचं आणि काटदऱ्याचं. मोठ्या बाईंना तिनं 'घरी विचारून सोमवारी सांगते' असं सांगितलं होतं.

"हा सोमवार नाही, पुढचा," ती म्हणाली. "हे प्रशिक्षण झालं की अकरावी-बारावीला शिकवता येईल. पुन्हा कधी नाव निघेल सांगता येत नाही."

घास चावत राहिलो. नकार द्यायला कारण लागतं, आणि माझ्याकडचं कारण समोर बसून नारळाची आमटी भुरकत होतं. सरळ 'जाऊ नको' म्हटलं असतं तर मी संशयी ठरलो असतो. 'जा' म्हणायला जीभ रेटत नव्हती. अशा वेळी माणसाला नको ते सुचतं, मलाही सुचलं.

"काटदरे मास्तर," मी म्हणालो, "त्या कर्णाचा अपूर्णांक नाही म्हणता ना? मी काढून दाखवतो. पुढच्या सोमवारच्या आत."

"नाही निघायचा हो."

"निघाला तर?"

"तर मी शिकवणं सोडून तुमच्या दुकानात काच पुसायला येतो."

"काच पुसायला माणूस आहे माझ्याकडे. मी अपूर्णांक काढला, तर हेमा नाशिकला जाणार नाही. नाही काढला, तर जाईल. बोला!"

काटदऱ्याचा हात ताटातच थांबला. "छे छे, मुकुंदराव, असली पैज मी लावणार नाही. त्यांच्या जाण्याचा आणि ह्याचा काय संबंध?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. हेमा वाढायला उठली होती, ती भाताचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर भांडं आपटेल.

"मी लावते पैज," ती म्हणाली. "मंजूर. भात वाढू?"

मी भात घेतला. जिंकल्यासारखाच घेतला.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात काम कमी आणि आकडेमोड जास्त सुरू झाली. माझं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत, पण डोकं हिशेबाला बरं होतं. कागद वाया कशाला घालवायचे म्हणून फोटोमागे लावायच्या पुठ्ठ्यांवर लिहायला लागलो. गणित साधं होतं. चौरसाची बाजू कुठलीही पूर्ण संख्या घ्यायची, तिचा वर्ग करायचा, दुप्पट करायची. ही दुप्पट जर दुसऱ्या एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग निघाली, तर तीच संख्या म्हणजे कर्ण, आणि कर्ण भागिले बाजू हा माझा अपूर्णांक. एकदा सापडला की काटदरे गप्प, हेमा घरी.

बाजू पाच घेतली. पंचवीस दुणे पन्नास. सातचा वर्ग एकोणपन्नास. एकानं हुकलं. बारा घेतली. दुप्पट दोनशे अठ्ठ्याऐंशी आणि सतराचा वर्ग दोनशे एकोणनव्वद. पुन्हा एकानं. तो केसभर हाच! मग मला चेव चढला. एवढ्या जवळ आलेली गोष्ट पुढं कुठंतरी मिळणारच, असं कुणालाही वाटेल. चोर अंगणापर्यंत आला म्हणजे घरात शिरणारच.

एक एक संख्या घेत गेलो. मधल्या सगळ्या लांबच पडायच्या. एकोणतीसला आलो तेव्हा दुप्पट सोळाशे ब्याऐंशी आणि एक्केचाळीसचा वर्ग सोळाशे एक्क्याऐंशी. मी हातातली पेन्सिल फेकून दिली. गिऱ्हाईक दचकलं.

त्या आठवड्यात मी जगतापांच्या वडिलांच्या सत्काराचा फोटो मढवला आणि खाली पट्टीवर 'कै.' लावून दिलं. म्हातारा स्वतः काठी टेकत दुकानात आला आणि म्हणाला, "मुकुंदा, मी मेलोय हे घरात कुणी मला सांगितलं नाही रे." मी हसून पट्टी बदलून दिली. पण खरं सांगायचं तर मला त्याच्याही आयुष्याशी घेणंदेणं नव्हतं. मला दिसत होती ती नाशिकची बस, दोघांचं बाक, आणि कपाळावर येणारी बट.

शाळा सकाळची होती. शनिवारी दुपारी हेमा स्वतः डबा घेऊन दुकानात आली. मी पुठ्ठा झाकायला गेलो, तेवढ्यात तिनं पाहिलं.

"बघू."

"काही नाही. हिशेब आहे."

"बघू हो."

तिनं पुठ्ठा घेतला, स्टुलावर बसली आणि वाचता वाचता तिचा चेहरा बदलत गेला. मी सत्तरपर्यंत पोचलो होतो. सत्तरची दुप्पट अठ्ठ्याण्णवशे आणि नव्व्याण्णवचा वर्ग अठ्ठ्याण्णवशे एक.

"हे तुम्ही काढलंत? एकट्यानं?"

"मग काय काटदऱ्याला विचारून?"

तिनं टोमणा ऐकलाच नाही. "अहो, प्रत्येक वेळी एकच! एकदा एक कमी, एकदा एक जास्त. पाचला कमी, बाराला जास्त, एकोणतीसला कमी, सत्तरला जास्त." ती उठून माझ्या बाजूला आली. "द्या ती पेन्सिल. सातावर पाच, सतरावर बारा. सात आणि पाच बारा! अहो बघा, वरचा आणि खालचा मिळवला की पुढचा खालचा येतोय."

"आणि वरचा?"

"बारात जुने पाच पुन्हा मिळवा. सतरा!"

मी घाईघाईनं नव्व्याण्णव आणि सत्तर मिळवले. एकशे एकोणसत्तर. त्यात पुन्हा सत्तर, दोनशे एकोणचाळीस. तिनं एकाचा वर्ग करून दुप्पट केली, मी दुसऱ्याचा वर्ग केला. दुकानाचं अर्धं शटर मी कधी ओढलं आठवत नाही. डबा तसाच राहिला. तिचा आकडा आला सत्तावन्न हजार एकशे बावीस, माझा सत्तावन्न हजार एकशे एकवीस.

"एकच कमी!" दोघं एकदम ओरडलो. आणि हेमा हसली. मान मागे टाकून, तशीच. ह्या वेळी समोर मी होतो.

तिथंच थांबायला हवं होतं. पण जळणाऱ्या माणसाला सुखही पचत नाही.

"शाळेत असंच चालतं का तुमचं?" मी म्हणालो. "तू आणि तो. पेन्सिल तुझ्या हातात, डोकी जवळ."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग पुन्हा उचलून पुठ्ठा उलटा केला आणि लिहिता लिहिता मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, "इकडे लक्ष द्या. समजा, तुमचा अपूर्णांक आहे. त्याला होईल तेवढा छाटून लहान केला, आता वरचा-खालचा कशानंच भाग जात नाही. बरोबर?"

"बरोबर."

"वरच्याचा वर्ग हा खालच्याच्या वर्गाची दुप्पट. म्हणजे वरच्याचा वर्ग सम. विषमाचा वर्ग विषमच असतो, म्हणून वरचा स्वतः सम. समाच्या वर्गाला चारनं भाग जातो. मग त्याच्या निम्मा जो खालच्याचा वर्ग, तोही सम. म्हणजे खालचाही सम. दोन्ही सम, तर दोघांनाही दोननं भाग गेला. आणि आपण आधीच म्हटलं होतं, कशानंच जात नाही. झालं." तिनं खाली रेघ मारली. "असा अपूर्णांक नाहीच. सापडत नाही असं नव्हे. हजारात बघा, कोटीत बघा, नाहीच."

मी दोनदा वाचलं. कुठं फट नव्हती.

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"म्हणून पैज घेतलीस."

"हो. तुम्ही मला पणाला लावलंत, मी जिंकणाऱ्या बाजूला बसले."

"म्हणजे जायचंच होतं तुला."

"जायचंच होतं. आहे."

बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं. मी "जेवायला बसलोय" असं ओरडलो. आणि मग जे इतके दिवस आकड्यांत घालून फिरवत होतो, ते सरळ विचारलं. "तुमच्या दोघांत काही आहे?"

"नाही."

"कशावरून?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"ह्या अपूर्णांकाचं 'नाही' मी चार ओळींत सिद्ध केलं," ती म्हणाली. "माझं 'नाही' कसं सिद्ध करून देऊ? उद्या नाही, परवा नाही, मनात नाही, स्वप्नात नाही. मोजत बसाल आणि दर वेळी तुम्हाला एक कमी पडेल. माझ्याकडे फक्त शब्द आहे. तो मी एकदा दिला. पुन्हा विचारलंत तर उत्तर देणार नाही."

तिनं डबा उघडला आणि माझ्यापुढे ठेवला. आमटी कुटाची होती. आम्ही दोघांनी खाली बसून जेवण केलं.

सोमवारी तिनं मोठ्या बाईंना नाव दिलं.

मे महिन्यात सांगलीच्या स्टँडवर मी तिला सोडायला गेलो. सुट्टीची गर्दी, लग्नसराई. नाशिकची गाडी लागताच माणसं दारावर तुटून पडली. काटदरे आधीच येऊन उभा होता. उंच असल्यामुळे त्यानं खिडकीतून दोन रुमाल टाकले आणि दोन जागा धरल्या. एकाच बाकावरच्या. मी पाहिलं ते. रुमालही दोन्ही त्याचेच, एकाच निळ्या काठाचे.

हेमा पाण्याची बाटली भरायला नळावर गेली, तसा तो माझ्याजवळ आला. चेहरा उतरलेला.

"मुकुंदराव, एक बोलू? मी आंधळा नाही. त्या जेवणाच्या दिवशीच समजलं मला. तुम्ही म्हणत असाल तर मी नाही जात. तब्येतीचं कारण सांगतो, शाळेचंही बघून घेतो. त्या गेल्या पाहिजेत हो. फार हुशार आहेत. माझ्यामुळे त्यांचं राहायला नको."

माणूस चांगला निघाला, हाच खरा त्रास. लबाड असता तर मी त्याला तिथल्या तिथं माघारी पाठवला असता आणि रात्री सुखानं झोपलो असतो. आणि पाठवायचं म्हटलं तरी काय अवघड होतं? मी नुसती मान हलवायची. हेमा नाशिकला जाणार, काटदरे चिपळूणला जाणार, आणि मी घरी निर्धास्त. तिला कधी कळलंही नसतं. मान हलवायचं अगदी मनात आलं होतं. इतकं, की काटदऱ्यानं खाली ठेवलेली आपली पिशवी उचलली.

नळावर हेमाचा नंबर आला होता. ती बाटली भरत होती, आणि आमच्याकडे तिची पाठ होती. मागे वळून बघत नव्हती. आम्ही दोघं काय बोलतोय ह्याची तिला काळजीच नव्हती. तिनं शब्द दिला होता आणि तिच्यापुरतं ते संपलं होतं.

"लांबचा रस्ता आहे," मी म्हणालो. "ओळखीचं माणूस सोबत असलेलं बरं. चढा."

मग मीच तिची बॅग घेऊन आत घुसलो. दोन बायकांची आणि एका हवालदाराची बोलणी खाल्ली, आणि निळ्या काठाचा एक रुमाल उचलून तिथं तिची बॅग ठेवली. खिडकीची जागा तिला दिली. शेजारची काटदऱ्याला. त्याचा रुमाल मी त्याच्या हातात दिला. गाडी सुटली तेव्हा हेमानं हात केला, मीही केला. आत नुसता जाळ होता. तासगावला परतताना सबंध रस्ता मला ते बाक दिसत होतं.

ती परत आली. सोबत चिवडा होता, आईला वाती होत्या, मला मोजायची एक पितळी पट्टी होती. "प्रवास बरा झाला?" मी विचारलं. "झाला," ती म्हणाली. त्यापुढे मी विचारलं नाही. पुढे ती अकरावी-बारावीला शिकवायला लागली, काटदरे दोन-तीन वर्षांनी बदलून कोकणात गेला, त्याचं लग्न झालं, पत्रिका आली, आम्ही आहेर पाठवला. मधून मधून त्याची पत्रं यायची, गणितानं भरलेली. ती हेमा अंगणात बसून वाचायची. मी बाहेर जायचो.

गेल्या पावसाळ्यात चिपळूणहून त्याच्या मुलाचा फोन आला. काटदरे गेला. हेमानं फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावून रडली. पुष्कळ रडली. एवढं रडायचं काय कारण, हे माझ्या मनात आलंच. ह्या वयातही आलं. मी तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढे ठेवलं आणि शेजारी बसलो.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

"नाशिकचं तुम्ही कधी विचारलं नाहीत," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदाही नाही."

"नाही."

"का?"

"तू 'नाही' म्हणाली होतीस की," मी म्हणालो. "पाणी पी."